नर्सिंगच्या नोंदींमधील शुद्धलेखन: एका अक्षराने औषध कसे बदलते आणि घरच्यांनी काय पाहावे

रुग्णालयात आपला माणूस दाखल असताना तुम्ही हे दृश्य अनेकदा पाहिले असेल. सिस्टर येतात, ताप आणि बीपी पाहतात, सलाईन तपासतात आणि काउंटरवर जाऊन फाइलमध्ये बराच वेळ काहीतरी लिहीत बसतात. नातेवाईकांना वाटते, "एवढा वेळ लिहिण्यात घालवण्यापेक्षा पेशंटजवळ थांबल्या असत्या तर बरे झाले असते." वाटणे स्वाभाविक आहे. पण ते लिहिणे हाही उपचाराचाच भाग आहे. पुढच्या पाळीच्या सिस्टर, रात्रीचे ड्युटी डॉक्टर आणि सकाळी राउंडला येणारे तज्ज्ञ, सगळे त्या ओळींवर विसंबून निर्णय घेतात.

माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी एका वयस्कर मधुमेही रुग्णाच्या केस पेपरवर रात्रीचे इन्सुलिन लिहिले: सहाचा आकडा आणि त्याला चिकटून 'युनिट'साठी इंग्रजी 'यू' हे अक्षर. घाईत 'यू'चे तोंड वरून मिटले आणि ते शून्यासारखे दिसू लागले. रात्री सिस्टरचा फोन आला, "सर, सहा की साठ?" त्या आजींना साठ युनिट दिले असते, तर साखर इतकी खाली गेली असती की त्या झोपेतच बेशुद्ध झाल्या असत्या. सिस्टरने विचारले म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून मी 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहितो.

या लेखात नर्सिंगच्या नोंदींमध्ये अचूक लिहिणे का महत्त्वाचे असते, कुठल्या चुका धोकादायक ठरतात आणि रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून तुम्ही कोणत्या टप्प्यावर काय पाहू शकता, हे समजून घेऊ.

वॉर्डात नेमके काय काय लिहिले जाते?

दाखल रुग्णाच्या फाइलमध्ये नर्सिंगच्या साधारण या नोंदी असतात:

- नाडी, ताप, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांचा तक्ता
- कोणते औषध, किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता दिले याचा तक्ता
- पोटात आणि सलाईनमधून गेलेले पाणी, तसेच लघवी, उलटी, ड्रेन यांचे मोजमाप
- रुग्णाची तक्रार, केलेली कृती आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळ
- पाळी बदलताना दिलेली माहिती

बहुतेक रुग्णालयांत सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या असतात. म्हणजे चोवीस तासांत तुमच्या रुग्णाची जबाबदारी दोन-तीन वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तोंडी सांगितलेले विसरले जाऊ शकते, लिहिलेले राहते. पण ते चुकीचे लिहिलेले असेल, तर चूकही तशीच पुढे जाते.

प्रत्येक चूक धोकादायक असते का?

नाही. एखाद्या नोंदीत इंग्रजी वाक्य थोडे वाकडे असेल किंवा 'डायरिया'चे स्पेलिंग चुकले असेल, तर रुग्णाचे काही बिघडत नाही. आपल्याकडे असंख्य सिस्टर मराठी माध्यमातून शिकून आलेल्या असतात आणि नोंदी मात्र इंग्रजीत करतात. त्यांच्या इंग्रजीवरून त्यांच्या कामाची परीक्षा करू नका. उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या डॉक्टरांचे अक्षर अनेकदा कुणालाच वाचता येत नाही, हेही खरे आहे.

प्रश्न आहे तो ज्या अक्षराने अर्थ बदलतो त्या अक्षराचा. अशा जागा मोजक्या आहेत, त्यामुळे त्या लक्षात ठेवता येतात.

१. सारख्या नावांची औषधे

काही औषधांची नावे दिसायला किंवा ऐकायला जवळजवळ सारखी असतात, काम मात्र पूर्ण वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय सुचवले, त्यांत पहिला मुद्दा हाच होता. काही उदाहरणे:

- कार्बिमाझोल हे थायरॉइड वाढल्यावर देतात, कार्बामाझेपिन हे फिट्ससाठी.
- हायड्रॉक्सिझिन हे खाज आणि ॲलर्जीसाठी, हायड्रॅलाझिन हे रक्तदाब कमी करण्यासाठी.
- डोपामिन आणि डोब्युटामिन ही दोन्ही अतिदक्षता विभागातली औषधे, पण त्यांचा परिणाम वेगळा.
- क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारांत, क्लोरप्रोपामाइड हे साखर कमी करणारे जुने औषध.
- पेनिसिलिन हे प्रतिजैविक, पेनिसिलामिन हे शरीरात साठलेले तांबे बाहेर काढण्यासाठी वापरतात.

अमेरिकेत ओमेप्राझोल हे ॲसिडिटीचे औषध आधी 'लॉसेक' या नावाने आले. 'लॅसिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी त्याची गल्लत होऊ लागली, म्हणून १९९० मध्ये तिथे त्याचे नाव बदलून 'प्रायलोसेक' करण्यात आले. एका औषधाचे नाव बदलावे लागावे, इतका हा प्रश्न गंभीर मानला जातो.

म्हणून अनेक रुग्णालये अशी औषधे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात आणि लेबलवर नावातला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापतात, म्हणजे नजर तिथे अडकते.

२. टिंब, शून्य आणि लघुरूपे

- उगाच लावलेले शून्य: १.० मिलिग्रॅम असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर ते १० वाचले जाते. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनच्या बाबतीत दहापट डोस म्हणजे रक्तस्राव. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब आणि शून्य लावू नये, नुसते '१' लिहावे.
- न लावलेले शून्य: '.५' मधले टिंब दिसले नाही तर ते ५ होते. म्हणून '०.५' असेच लिहावे.
- मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम: थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. १,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम. ५० मायक्रोग्रॅमऐवजी ५० मिलिग्रॅम लिहिले गेले, तर कागदावर डोस हजारपट होतो.
- 'ओडी': आपल्याकडे याचा अर्थ दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या विभागात हीच दोन अक्षरे 'उजवा डोळा' या लॅटिन शब्दांसाठीही वापरतात.
- 'एचएस': झोपताना.
- 'एसओएस': गरज पडली तरच. हा अर्थ माहीत नसल्याने काही रुग्ण वेदनाशामक गोळी रोज घेत राहतात.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २००४ मध्ये अशा धोकादायक लघुरूपांची 'वापरू नका' यादीच काढली. इन्सुलिनसाठीचे 'यू', उगाच लावलेले शून्य आणि टिंबाआधी न लावलेले शून्य हे तिन्ही त्या यादीत आहेत.

३. जवळजवळ सारखे दिसणारे वैद्यकीय शब्द

'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. इंग्रजीत शेवटची अक्षरे बदलली की अर्थ थेट उलटा होतो. रक्तात पोटॅशियम कमी असेल तर ते सलाईनमधून हळूहळू देतात. आधीच जास्त असताना दिले, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हृदय थांबूही शकते. तसेच 'डिसफेजिया' म्हणजे गिळायला त्रास आणि 'डिसफेझिया' म्हणजे बोलण्यात अडचण. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येत नाही की बोलता येत नाही, यावर त्याला तोंडाने खायला द्यायचे की नळी घालायची हे ठरते.

डावा आणि उजवा हाही असाच शब्द आहे. शस्त्रक्रियेआधी सिस्टर तुम्हाला तेच तेच विचारतात, "कुठला पाय?" त्याचा कंटाळा करू नका. कागदावरची बाजू आणि तुमच्या तोंडची बाजू जुळते का, हे त्या पडताळून पाहत असतात.

व्याकरण कुठे आड येते?

व्याकरण म्हटले की शाळेतल्या मार्कांची आठवण येते. वॉर्डात मात्र त्याचा उपयोग तीन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी असतो: झाले की व्हायचे आहे? आहे की नाही? कुणी केले?

झाले की व्हायचे आहे? इंग्रजीत 'गिव्ह' म्हणजे द्या आणि 'गिव्हन' म्हणजे दिले. लिहिताना फरक एका अक्षराचा. रात्री दहाचे इंजेक्शन दिलेले असताना नोंद 'द्या' अशी वाचली गेली, तर ते पुन्हा दिले जाण्याची शक्यता. उलट झाले तर रुग्णाचा डोस चुकतो. म्हणून चांगल्या नोंदीत दिल्याची वेळ आणि सही असते, आणि औषध दिल्यावरच ती केली जाते, आधी नाही.

आहे की नाही? 'नो पेन' म्हणजे दुखत नाही, 'नाऊ पेन' म्हणजे आता दुखते आहे. लिहिताना इथेही एकच अक्षर वेगळे. 'नो फीव्हर, व्हॉमिटिंग' असे लिहिले तर उलट्या होत नाहीत की होत आहेत? लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्याला नाही. 'ताप नाही. दोन उलट्या झाल्या.' अशी दोन छोटी वाक्ये केली की प्रश्नच उरत नाही.

कुणी केले? 'रिलेटिव्ह इन्फॉर्म्ड' या दोन शब्दांचा अर्थ 'नातेवाइकांनी सांगितले' असाही होतो आणि 'नातेवाइकांना सांगितले' असाही. शस्त्रक्रियेचे धोके तुम्हाला समजावले होते का, यावर पुढे वाद झाला तर हीच ओळ तपासली जाते.

याशिवाय 'लघवी चांगली', 'बीपी ठीक' अशी विशेषणे अडचणीची ठरतात. 'सकाळी आठ ते दुपारी दोन, लघवी ४०० मिली' ही नोंद रात्रीच्या डॉक्टरांना काही सांगते. 'चांगली' हा शब्द काहीच सांगत नाही.

तुम्ही मराठीत सांगता, नोंद इंग्रजीत होते

रुग्ण म्हणतो, "छातीत भरून आल्यासारखं होतंय," "जीव घाबरा होतोय," "गॅस झालाय," "चक्कर येतेय." ही वाक्ये इंग्रजीत नेताना अर्थ सांडतो. 'जीव घाबरा होतोय' याची नोंद नुसती 'चिंता' अशी झाली, तर खाली गेलेली साखर किंवा हृदयविकाराचा झटका नजरेआड होऊ शकतो. 'चक्कर' म्हणजे खोली गरगर फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे की तोल जाणे? तिन्हींची कारणे वेगळी असतात. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या अनेक सिस्टर आहेत. मराठी ही त्यांनी इथे येऊन शिकलेली भाषा आहे, त्यामुळे त्यांना हे शब्द आणखी अवघड जातात.

यावर उपाय तुमच्याही हातात आहे. तक्रार सांगताना चार गोष्टी जोडा: नेमके कुठे, कधीपासून, किती आणि काय करताना. "गॅस झालाय" याऐवजी "छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं होतंय, अर्ध्या तासापासून, घाम पण आलाय" असे सांगितले तर कुठल्याही भाषेत नोंद योग्यच होईल.

मराठी आकड्यांचा घोळ

ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हाताने घाईत लिहिलेला मराठी एक (१) इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार (४) इंग्रजी आठसारखा. घरातल्या आजोबांना एका पद्धतीचे आकडे सवयीचे असतात आणि नातवाला दुसऱ्या. इन्सुलिनच्या चिठ्ठीवर हा घोळ महागात पडतो. म्हणून घरच्या चिठ्ठीवर डोस आकड्यात आणि अक्षरांतही लिहून घ्या: '१४ (चौदा) युनिट'.

तसेच 'दिवसातून एकदा' आणि 'दिवसाआड' हे घाईत ऐकताना मिसळतात. 'अर्धी गोळी सकाळी एक रात्री' ही ओळ कुणी 'सकाळी अर्धी, रात्री पूर्ण' अशी वाचतो, तर कुणी 'अर्धी गोळी, सकाळी एकदा आणि रात्री एकदा' अशी. प्रत्येक वेळेसाठी वेगळी ओळ लिहून घेतली की हा गोंधळ होत नाही.

रुग्णाच्या नावाचे स्पेलिंग

एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असणे आपल्याकडे नवलाचे नाही. म्हणून रक्ताचा नमुना, रक्ताची पिशवी आणि औषध यांच्या आधी नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही पाहण्याची पद्धत आहे. हातावरच्या पट्टीवरचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक तुम्ही पहिल्याच दिवशी तपासा.

याचा कागदोपत्रीही परिणाम होतो. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि डिस्चार्ज कार्डावर दुसरे असेल, तर विम्याचा दावा किंवा सरकारी योजनेची मंजुरी अडकू शकते. बाळंतपणानंतर रुग्णालय जन्माची माहिती नोंदणीसाठी पाठवते. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. त्या फॉर्मवर आई-वडिलांच्या नावांची स्पेलिंग सही करण्यापूर्वी वाचा, नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतात.

चुका का होतात?

बहुतेक वेळा बेफिकिरीमुळे नाही. एका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात, मध्येच घंटी वाजते, कुणाचे सलाईन संपलेले असते आणि अर्धवट राहिलेली ओळ नंतर पूर्ण केली जाते. अनेकदा मूळ चूक आम्हा डॉक्टरांची असते. अक्षर वाचता येत नाही, आणि विचारायला जावे तर डॉक्टर चिडतात, म्हणून अंदाजाने वाचले जाते. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये नियमात बदल करून औषधांची नावे जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले, ते याचसाठी.

चांगल्या वॉर्डात पुढील सवयी दिसतात:

- औषध देण्यापूर्वी योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळणे
- फोनवर मिळालेली सूचना लिहून घेऊन डॉक्टरांना पुन्हा वाचून दाखवणे
- चुकलेली नोंद व्हाइटनरने न पुसता एका रेषेने खोडणे आणि शेजारी सही करणे
- वाचता येत नसेल तर अंदाज न करता विचारणे

पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या सिस्टरला "तुम्हाला काही येत नाही का?" असे म्हणू नका. विचारणारी सिस्टर तुमच्या रुग्णाचे रक्षण करत असते.

तुम्ही काय करू शकता?

*दाखल होताना*

- चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे किंवा त्यांचे फोटो सोबत न्या. "बीपीची पांढरी गोळी" या वर्णनावर कुणीही औषध ओळखू शकत नाही.
- ॲलर्जी असेल तर औषधाचे नाव आणि काय झाले होते हे दोन्ही सांगा, आणि ते फाइलवर लिहिले गेले का हे विचारा.
- रुग्णाचे वजन सांगा. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो.

*वॉर्डात असताना*

- नवे औषध दिसले की शांतपणे विचारा, "सिस्टर, हे कशासाठी आहे?"
- गोळीचा रंग किंवा आकार अचानक बदलला तर घेण्यापूर्वी विचारा. कंपनी बदललेली असू शकते, पण खात्री करून घेणे चांगले.
- घरून आणलेली औषधे सिस्टरला न सांगता देऊ नका. नाहीतर एकच औषध दोनदा जाते.

*डिस्चार्जच्या वेळी*

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. बिल, गाडी आणि घरी जाण्याची घाई यांत कार्ड वाचायचे राहून जाते. दहा मिनिटे मागून घ्या आणि प्रत्येक औषधाबद्दल हे पाहा: नाव, मात्रा, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. जुन्या औषधांपैकी कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे स्पष्ट लिहून घ्या. मग जे समजले ते तुम्ही सिस्टरला उलट सांगा. चूक असेल तर तिथेच लक्षात येईल.

तीन औषधे जिथे विशेष काळजी हवी

इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांच्या बाटल्या मिळतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. त्यामुळे कार्डावर इन्सुलिनचे नाव, युनिट आणि बाटलीची तीव्रता तिन्ही हवे.

मेथोट्रेक्सेट. संधिवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी कमी होतात आणि जीव जाऊ शकतो. कार्डावर वार लिहून घ्या, उदाहरणार्थ 'फक्त रविवारी'.

मुलांचे पॅरासिटामॉल. थेंबांच्या बाटलीत साधारण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२०, १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. '५ मिली' हे सिरपसाठी सांगितलेले असताना तेवढेच थेंबांच्या बाटलीतून दिले, तर बाळाला ५०० मिलिग्रॅम जातात. 'मिली' आणि 'मिग्रॅ' यांतला फरक इथे फार मोठा आहे.

चूक झाली असे वाटले तर?

आधी औषध थांबवून विचारा, वाद नंतर. "सिस्टर, काल ही गोळी अर्धी होती, आज पूर्ण आहे. एकदा फाइल बघता का?" असे म्हटले तर बहुतेक सिस्टर लगेच पाहतात. समाधान झाले नाही तर वॉर्ड इन्चार्ज सिस्टर किंवा ड्युटी डॉक्टरांना भेटा. आरडाओरडा केला तर माणसे चुका लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक रुग्णासाठी जास्त घातक असते.

नोंदी पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती द्यायला हव्यात. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

घरी गेल्यावर ही लक्षणे दिसली तर लगेच संपर्क करा

- घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे, अचानक खूप भूक: साखर कमी झाली असू शकते. शक्य असेल तर लगेच मोजा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा मोजता येत नसेल, आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.
- हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग
- मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड किंवा ताप
- नवे औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास
- उठवूनही जागे न होण्याइतकी झोप

जाताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पाकिटे सोबत न्या.

थोडक्यात

- नर्सिंगच्या नोंदीत औषधाचे नाव, आकडा, टिंब, एकक, बाजू, वेळ आणि 'आहे-नाही' हे शब्द अचूक असायलाच हवेत. बाकीच्या चुका चालतात.
- 'युनिट' पूर्ण लिहिलेले असावे, '०.५' मध्ये आधी शून्य असावे आणि '१' पुढे टिंब-शून्य नसावे.
- तक्रार सांगताना कुठे, कधीपासून, किती आणि काय करताना हे सांगा.
- डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय आणि समजलेले उलट सांगितल्याशिवाय रुग्णालयाबाहेर पडू नका.
- शंका आली तर विचारा, पण स्वतःहून औषध बंद करू नका किंवा डोस बदलू नका.

त्या रात्री सिस्टरने "सहा की साठ?" विचारायला संकोच केला असता, तर पुढे काय झाले असते याचा विचार मी आजही करतो. फाइलवरचा आकडा किंवा शब्द कळला नाही तर तुम्हीही संकोच करू नका. विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्याचा राग येऊ न देणे हे आमचे काम आहे.